जुगाराची व्याख्या आणि राज्याची सीमा : बदनापूरच्या अनुषंगाने

१

जुगारावर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांचा इतिहास बहुधा नीतीच्या किंवा राज्याच्या महसुलाच्या दृष्टीने सांगितला जातो. या दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत; परंतु त्यांच्या जोडीला तिसरी एक दृष्टी असू शकते आणि तिचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. कायदा प्रथम एखाद्या कृतीस नाव देतो, त्या नावाची व्याख्या करतो, आणि मग त्या व्याख्येत जे बसेल त्यास मनाई करतो. व्याख्या ठरली की तिच्या कडेला उभा राहणारा एक नवा खेळ निर्माण होतो. तो जुन्या खेळासारखाच असतो. त्याचे नाव मात्र निराळे असते. नंतर कायद्याला पुन्हा आपले शब्द बदलावे लागतात. हा क्रम गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कसा घडत गेला, आणि त्यात प्रदेशाच्या सीमांनी कोणता भाग घेतला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही समस्या आधुनिक कायद्यानेच निर्माण केली असे नाही. मनुस्मृतीत अक्षादी अचेतन साधनांनी खेळले जाणारे ते द्यूत आणि प्राण्यांच्या झुंजी लावून खेळले जाणारे ते समाह्वय, असा भेद केला असून दोहोंचाही निषेध केला आहे. उलट, कौटिल्याने द्यूतावर अध्यक्ष नेमून ते एका ठिकाणी चालवावे आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच भाग राज्याने घ्यावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. निषेध आणि नियमन हे दोन मार्ग तेव्हापासून एकमेकांशेजारी चालत आले आहेत. मराठीतील 'जुगार' या शब्दाचा संबंध संस्कृत 'द्यूतकार' या शब्दाशी जोडला जातो. 'पणाला लावणे' या वाक्प्रचारात 'पण' हा शब्द अद्याप आपल्या मूळच्या, म्हणजे जोखमीत घातलेल्या द्रव्याच्या, अर्थाने जिवंत आहे. जुगाराची जी कायदेशीर घडण पुढे सर्वत्र मान्य झाली तिचे तीन घटक याच शब्दांत सांगता येतात : पणाला लावलेले द्रव्य, दैवावर अवलंबून असलेला निर्णय, आणि लाभाची आशा. पुढील विवेचनात पहिल्या घटकास 'पणद्रव्य' म्हटले आहे.

२

हा इतिहास एखाद्या मोठ्या शहरावरून पाहण्याऐवजी जालना जिल्ह्यातील बदनापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणावरून पाहणे अधिक उद्बोधक ठरते. बदनापूर आपल्या जागेवरून कधी हलले नाही. त्याच्या भोवतालचे राज्य मात्र अनेकदा बदलले. सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. त्यानंतर ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात, असा त्याचा प्रवास झाला. जिल्हाही बदलला : १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. जुगार हा विषय घटकराज्याच्या अखत्यारीतला असल्याने, येथील रहिवाशाला कोणता खेळ निषिद्ध आणि कोणता मोकळा, हे या प्रत्येक बदलाबरोबर नव्याने ठरावयाचे होते.

निजामी राज्यात १३०५ फसलीचा, म्हणजे सुमारे इ. स. १८९५-९६ चा, हैदराबाद जुगार अधिनियम लागू होता. राजभाषा उर्दू असल्याने जुगारास 'किमारबाजी' हा शब्द कचेरीत रूढ होता. पण कायद्याचा साचा ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेला होता. १८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम आणि १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक अधिनियम यांच्याप्रमाणेच त्यातही मुख्य लक्ष्य होते ते जुगाराचे घर. खेळ कोणता यापेक्षा तो कोठे चालतो आणि त्या घराचा मालक त्यातून फायदा घेतो काय, हा प्रश्न या कायद्यांना अधिक महत्त्वाचा वाटत होता. पोलिसाने दार ठोठवावे, आत साधने सापडावीत, आणि साधनांवरून जुगार सिद्ध व्हावा, अशी ती रचना होती.

या रचनेची मर्यादा मुंबईत लवकरच दिसून आली. पाऊस किती पडेल यावर पैजा लावण्याचा सट्टा तेथे जोरात होता. पर्जन्यमापक हे जुगाराचे साधन होय काय, असा प्रश्न न्यायालयापुढे आला. पाऊस मोजण्याचे यंत्र आणि फासे यांना एका सदरात घालणे अवघड होते. म्हणून १८९० मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून पैज लावण्याच्या क्रियेचाच समावेश 'जुगार' या संज्ञेत करण्यात आला. व्याख्येचे लक्ष साधनावरून क्रियेकडे सरकले, ते असे.

या सर्व कायद्यांत एक समान अपवाद होता. निव्वळ कौशल्याच्या खेळास हा कायदा लागू नाही, असे मुंबईच्या अधिनियमात म्हटले होते आणि हैदराबादच्या अधिनियमातही. 'निव्वळ' या एका विशेषणाने पुढील शंभर-सव्वाशे वर्षांचा बराचसा वाद निर्माण केला. शब्दार्थ पाहिला तर ज्यात दैवाचा अंश मुळीच नाही असाच खेळ या अपवादात बसावा; परंतु असा खेळ शोधू गेल्यास बुद्धिबळाच्या फारसे पुढे जाता येत नाही.

३

स्वातंत्र्योत्तर काळात हा वाद उभा राहिला तो पत्त्यांवरून किंवा घोड्यांवरून नव्हे, तर शब्दांवरून. वृत्तपत्रांतील बक्षिसांची शब्दकोडी त्या काळी अत्यंत लोकप्रिय झाली होती. प्रवेशमूल्य भरून कोड्याची उत्तरे पाठवावयाची आणि संयोजकाकडे आधीच मोहोरबंद ठेवलेल्या उत्तराशी ती जुळली तर मोठी रक्कम मिळवावयाची, असे त्यांचे स्वरूप होते. वरवर पाहता ही भाषाज्ञानाची परीक्षा होती. प्रत्यक्षात तिची गोम संकेतवाक्यात होती. उदाहरणादाखल असे एक संकेतवाक्य कल्पावे : 'हे हाती नसेल तर माणसाचे काही चालत नाही', दोन अक्षरी शब्द, दुसरे अक्षर 'न' दिलेले. 'धन' बसते आणि 'मन'ही बसते. व्याकरण, अर्थ, लौकिक अनुभव यांपैकी काहीही या दोहोंतून एकाची निवड करून देऊ शकत नाही. योग्य उत्तर म्हणजे लिफाफ्यात असेल ते. अशी दहा-पंधरा संकेतवाक्ये एकत्र आली की, स्पर्धकाचे शब्दज्ञान कितीही असो, तो वस्तुतः नाणे उडवीत असतो. एका शब्दाचे अनेकार्थत्व आणि अनेक शब्दांची समान योग्यता हे भाषेचे स्वाभाविक गुण आहेत. संयोजकांनी त्यांतूनच दैव निर्माण केले आणि त्यास कौशल्याचे नाव दिले.

मुंबई प्रांताने १९४८ मध्ये लॉटऱ्या व बक्षीस-स्पर्धा यांचे नियंत्रण करणारा आणि त्यांवर कर बसविणारा अधिनियम केला. त्यात प्रांताबाहेर छापल्या व प्रसिद्ध होणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धांना वगळले होते. ही फट लहान नव्हती. बंगळूर येथे छापल्या जाणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून चालणारी आर. एम. डी. सी. शब्दकोडी मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर भरली जात होती. संयोजक कंपनी म्हैसूर राज्यातील, छपाई तेथील, निकाल तेथील; मात्र स्पर्धक, प्रवेशमूल्य आणि ते गोळा करणारी केंद्रे मुंबईची. १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेरील वृत्तपत्रांना दिलेली सूट काढून टाकण्यात आली, तेव्हा संयोजकांनी न्यायालयाचा आश्रय घेतला. त्यांचे म्हणणे असे की, शब्दकोड्याची स्पर्धा हा व्यापार आहे, व्यापाराचे स्वातंत्र्य संविधानाने दिले आहे, आणि शिवाय म्हैसुरातील उद्योगावर कर बसविण्याचा अधिकार मुंबईस नाही. उच्च न्यायालयात राज्य हरले.

सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी हा निर्णय फिरविला. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांच्या निकालात दोन सिद्धांत मांडले गेले आणि दोन्ही अद्याप महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, जुगार हा संविधानाला अभिप्रेत असलेला व्यापारच नव्हे; म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्यास मिळत नाही. दुसरा असा की, संयोजक राज्याबाहेर असला तरी त्याचे निमंत्रण, त्याची केंद्रे आणि त्याला मिळणारे द्रव्य ही राज्यात असतील, तर राज्याच्या कायद्याला लागणारा प्रादेशिक संबंध पुरेसा आहे. आज संगणकाच्या जाळ्यातून येणाऱ्या, परदेशात नोंदलेल्या खेळांविषयी जो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, त्याचे मूळ या छापील कोड्याच्या खटल्यात आहे.

मधल्या काळात संसदेनेही या प्रश्नाकडे लक्ष दिले होते. विषय राज्यांचा असल्याने, संविधानाच्या २५२ व्या अनुच्छेदाप्रमाणे काही राज्यांनी ठराव करून संसदेस अधिकार दिला. या राज्यांत मुंबई होती, तसेच हैदराबादही होते. त्यातून १९५५ चा बक्षीस-स्पर्धा अधिनियम झाला. महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस देणाऱ्या स्पर्धांना त्याने मनाई केली आणि एका स्पर्धेस दोन हजारांहून अधिक प्रवेशपत्रे स्वीकारू नयेत असे ठरविले. म्हणजे बदनापूरच्या वाचकास हा कायदा लागू झाला तो मुंबईमुळे नव्हे, हैदराबादच्या विधानसभेच्या ठरावामुळे. त्याच ९ एप्रिल १९५७ रोजी दिलेल्या दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम वैध ठरविला. पण ज्या स्पर्धांतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते त्यांना तो लागू नाही, असा त्याचा अर्थ लावला.

४

राज्यपुनर्रचनेनंतर लगेच बदनापूरचा कायदा बदलला नाही. राज्यपुनर्रचना अधिनियमान्वये त्या त्या प्रदेशाचे जुने कायदे पुढे चालू राहिले. तेव्हा मुंबई राज्यात असूनही मराठवाड्यात काही काळ १३०५ फसलीचाच कायदा होता. लॉटऱ्या व बक्षीस-स्पर्धा यांविषयी १९५८ मध्ये संपूर्ण राज्याकरिता एकच अधिनियम झाला, आणि १९५९ मध्ये १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम उर्वरित राज्यास लागू करण्यात आला. हैदराबादचा कायदा मराठवाड्यापुरता येथे संपला.

त्या कायद्याचा सर्वांत प्रसिद्ध अर्थ मात्र यानंतर लागला, आणि तो आंध्र प्रदेशातील खटल्यात. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांवर हैदराबाद अधिनियमाखाली खटला भरण्यात आला होता. नोव्हेंबर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तीन पत्त्यांचा खेळ केवळ दैवाचा असेल, पण रमी तशी नाही. पडलेली पाने लक्षात ठेवणे, कोणते पान राखावे आणि कोणते टाकावे हे ठरविणे, यांस कौशल्य लागते. म्हणून ती मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. त्याच निकालात असेही म्हटले होते की, पैसे लावून चाललेल्या रमीतून क्लब फायदा काढीत असेल तर गुन्हा होऊ शकतो. पुढे पहिले विधान सर्वत्र उद्धृत झाले. दुसऱ्याची आठवण क्वचितच राहिली.

अर्थशास्त्राच्या, म्हणजे येथे शब्दार्थाच्या शास्त्राच्या, दृष्टीने पाहता या निकालात 'निव्वळ' हा शब्द 'मुख्यतः' या अर्थाने वाचला गेला. न्यायालयापुढे दुसरा मार्गही नव्हता; कारण शब्दशः अर्थ घेतला तर अपवादच निरर्थक झाला असता. पण अर्थाचा हा विस्तार एकदा मान्य झाल्यावर जुगार आणि खेळ यांतील भेद हा प्रकाराचा न राहता प्रमाणाचा झाला, आणि प्रमाण नेहमीच वादग्रस्त असते. १९९६ मध्ये मद्रासच्या एका प्रकरणात घोड्यांच्या शर्यतीही मुख्यतः कौशल्याच्या ठरल्या.

याच दशकांत राज्याची स्वतःची भूमिकाही दुहेरी होत गेली. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर चालणारा सट्टा १९६० च्या सुमारास ते भाव मिळेनासे झाल्यावर मडक्यातील चिठ्ठ्यांवर चालू लागला आणि 'मटका' हे भांड्याचे नाव खेळाचे नाव बनले. पोलीस मटक्यामागे लागले असतानाच १९६९ मध्ये महाराष्ट्राची राज्य लॉटरी सुरू झाली. १९७६ मध्ये महाराष्ट्राने कॅसिनोंचे नियंत्रण करणारा अधिनियम केला, पण तो कधीच अंमलात आणला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. त्याच १९७६ सालच्या गोव्याच्या अधिनियमात मात्र पुढे १९९२ व १९९६ मध्ये दुरुस्त्या होऊन प्रथम पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि नंतर पाण्यावरील जहाजांना परवानगी मिळाली. एकाच मराठी-कोकणी किनाऱ्यावर राज्याची सीमा ओलांडताच गुन्हा हा करपात्र व्यवसाय होतो, असे चित्र तयार झाले.

५

हातातील दूरध्वनीवर खेळ आल्यावर सीमेचा प्रश्न अधिकच तीव्र झाला. २०१७ मध्ये तेलंगणाने आपल्या अधिनियमात दुरुस्ती करून ऑनलाइन खेळांचा समावेश केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीसाठी कौशल्याचा अपवाद काढून टाकला. महाराष्ट्रात १८८७ चा अधिनियम आणि त्यातील 'निव्वळ कौशल्य' कायम राहिले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काल्पनिक संघ निवडण्याचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा मानला. यातून निर्माण झालेली स्थिती एका रेल्वेमार्गावरून स्पष्ट होते. सिकंदराबादहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना या मार्गे मनमाडकडे जाणारा लोहमार्ग बदनापूरवरून जातो. निजामी काळात या मार्गाच्या दोन्ही भागांत जुगाराची व्याख्या एकच होती. २०१७ नंतर त्याच गाडीत, त्याच आसनावर, त्याच दूरध्वनीवर चाललेली पैशाची रमी सिकंदराबादेस गुन्हा होती आणि बदनापूरला पोहोचेपर्यंत कौशल्याचा खेळ झालेली असे. तामिळनाडू व कर्नाटक यांनी २०२१ मध्ये केलेले मनाईचे कायदे त्या त्या उच्च न्यायालयांनी अनुक्रमे २०२१ व २०२२ मध्ये अवैध ठरविले, आणि त्यामागे १९५७ व १९६७ च्या निकालांतील कौशल्यविषयक विधानेच होती.

अमेरिकेत या सुमारास निराळी युक्ती पुढे आली. तेथेही जुगार हा प्रामुख्याने घटकराज्यांचा विषय आहे. 'स्वीपस्टेक्स' या शब्दाचा मूळ अर्थ सर्वांचे पणद्रव्य विजेत्याने एकत्र घेऊन जाणे असा होता; परंतु अमेरिकी व्यवहारात त्याचा अर्थ पालटून, काहीही खरेदी न करता भाग घेता येतो अशी जाहिरातीची बक्षीस-सोडत, असा झाला. ज्या शब्दात 'पण' मूळचाच होता तोच 'पण नसलेला खेळ' या अर्थाने रूढ झाला. ऑनलाइन स्वीपस्टेक्स कॅसिनोंनी याच अर्थाचा आधार घेतला. त्यांच्यापाशी दोन प्रकारची नाणी असतात. एक प्रकार पैसे देऊन विकत घ्यावयाचा; त्याला रोख मोल नाही. दुसरा प्रकार विकत मिळत नाही, तो खरेदीबरोबर 'भेट' म्हणून येतो किंवा टपालाने विनंती केल्यास विनामूल्य मिळतो; पण त्याने खेळून जे जिंकावे त्याचे रोख पैसे होतात. खेळणाऱ्याने पैसे दिले ते पहिल्या नाण्याकरिता, जिंकला तो दुसऱ्या नाण्यावर. म्हणून पणद्रव्य नाही आणि पणद्रव्य नाही म्हणून जुगार नाही, असा हा युक्तिवाद आहे.

शब्दकोड्याशी याची तुलना केली असता दोहोंतील साम्य आणि भेद दोन्ही ध्यानात येतात. शब्दकोड्याने तीन घटकांपैकी दैव झाकले आणि त्यास कौशल्य म्हटले. स्वीपस्टेक्स कॅसिनोने दैव उघडे ठेवले; त्याने पणद्रव्य झाकले आणि त्यास भेट म्हटले. लाभाचा घटक मात्र कोणीही झाकीत नाही, कारण त्याच्यावाचून गिऱ्हाईक येत नाही.

यास उत्तर म्हणून २०२५ मध्ये मोंटाना, कनेक्टिकट, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी मनाईचे कायदे केले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने दुहेरी नाण्यांची पद्धतीच व्याख्येत घेतली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व विनियमन यांविषयीचा अधिनियम संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशाच्या ऑनलाइन खेळाची व्याख्या करताना त्यात, खेळ कौशल्याचा आहे, दैवाचा आहे की दोहोंचा, याचा विचार करावयाचा नाही असे स्पष्ट म्हटले आहे. आणि पणद्रव्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे पैसे देऊन मिळविलेली नाणी, प्रतीके व जमाखाती गुण यांचाही अंतर्भाव केला आहे. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. या अधिनियमास निरनिराळ्या उच्च न्यायालयांत देण्यात आलेली आव्हाने सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतली. राज्यसूचीतील 'पैज व जुगार' या नोंदीच्या क्षेत्रात संसदेला किती शिरता येते, हा त्यांतील एक प्रश्न आहे. १९५५ मध्ये हाच अडथळा राज्यांच्या ठरावांनी दूर केला गेला होता, हे येथे आठवावे.

६

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा : ज्या व्याख्येने खेळाचे नाव धरले ती टिकली नाही, जिने द्रव्याचा व्यवहार धरला ती अधिक काळ उपयोगी पडली. १८९० ची दुरुस्ती, १९५७ मधील प्रादेशिक संबंधाचा सिद्धांत आणि २०२५ मधील पणद्रव्याची विस्तृत व्याख्या या तिन्ही ठिकाणी कायद्याने, खेळाला काय म्हणतात हे न विचारता, पैसे कोठून निघाले आणि कोठे पोहोचले हे विचारले आहे.

यावर एक आक्षेप योग्यच आहे. व्याख्या फार रुंदावली तर निरुपद्रवी व्यवहारही तिच्यात सापडतील. भिशीत चिठ्ठी निघते, पण प्रत्येकास आपापली रक्कम मिळते. कोणाचे नुकसान म्हणजे कोणाचा लाभ, असे तेथे नसते. घरांच्या वाटपाची किंवा प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते, तेथे दैव आहे, पण कोणी काही पणाला लावलेले नाही. निबंधस्पर्धेस प्रवेशमूल्य असते, पण तेथील परीक्षकाचा निर्णय मोहोरबंद लिफाफ्यातून येत नाही. मराठी भाषेने या व्यवहारांना 'भिशी', 'सोडत', 'स्पर्धा' असे वेगळे शब्द दिले आणि त्यांपैकी कशासही ती 'जुगार' म्हणत नाही. या भेदांमागे समाजाचा दीर्घ अनुभव आहे आणि कायद्याने तो विचारात घेतला पाहिजे.

मात्र हे शब्दही अढळ नाहीत. 'स्वीपस्टेक्स' या शब्दाचे जे झाले ते उद्या 'सोडत' किंवा 'भेट' या शब्दाचे होणार नाही असे मानण्यास आधार नाही. बदनापूरच्या रहिवाशाने सत्तर वर्षांपूर्वी बंगळूरच्या कोड्याचे प्रवेशपत्र भरले असेल, तर तेथे त्याला 'धन' आणि 'मन' यांतून एक निवडावयास सांगितले होते. आज त्याच्या नातवापुढे दोन नाणी ठेवली जातात. दोन्ही वेळी खेळणाऱ्यास निवड आपली आहे असे वाटते, आणि दोन्ही वेळी गेलेला पैसा मात्र खरा असतो. कोणत्याही नव्या व्याख्येची पारख करताना, तिला हा गेलेला पैसा दिसतो की नाही, ही कसोटी प्रथम लावणे अवश्य आहे.